दुखण्याची सोय

माझ्या छातीत दुखूच शकत नाही, ही गोष्ट आमच्या घरात पाढ्यासारखी सगळ्यांना पाठ होती. आईला, वडिलांना म्हणजे आबांना, आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर आबांच्या म्हशींचं दूध प्यायला येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांनाही. एखादा नवा पाहुणा काळजीनं विचारायचा, "पोरीच्या छातीत-बितीत दुखत न्हाई न्हवं?" तर आई ताठ मानेनं सांगायची, "हिचं दुखूच शकत न्हाई. आत तारच न्हाई." त्यावर पाहुणा माझ्याकडं वीज तोडलेल्या घराकडं बघावं तसं बघायचा.

मी संज्योत चौगुले. राहणार कोल्हापूर, वय एकवीस, हृदय अंदाजे तेवढंच. सहा वर्षांची असताना साध्या तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, पण जाताना हृदयाचा स्नायू निकामी करून गेला. मग चेन्नईला नेऊन दुसरं हृदय बसवलं. ते कुणाचं होतं हे सांगत नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आई मात्र दरवर्षी त्या तारखेला पुरणपोळी करते आणि पहिला घास बाजूला काढून ठेवते.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की सुटलो. हृदय बदलणं हे एका दिवसाचं काम, ते टिकवणं हा जन्मभराचा धंदा. शरीराचं सैन्य त्या हृदयाला कायम परकंच समजतं आणि संधी मिळाली की हल्ला करतं. म्हणून सैन्याला पेंगुळलेलं ठेवायच्या गोळ्या रोज घ्यायच्या, घड्याळ लावून. आणि रखवालदारच पेंगायला लागला की बाकीचे चोर आत येतात. त्यामुळे कच्ची कोशिंबीर बंद, गाड्यावरची पाणीपुरी बंद, उन्हात टोपीशिवाय फिरणं बंद, आणि मूत्रपिंडं त्या गोळ्यांनी कंटाळतात म्हणून त्यांचीही वेगळी मनधरणी. शहरातले लोक आमच्या म्हशीखाली पेला धरून धारोष्ण दूध पितात आणि मिशा पुसत जातात. घरची मी, मला तीन उकळ्या आणलेलं. आबांना याचं इतकं वाईट वाटायचं की माझ्यासमोर ते स्वतः कधी प्यायले नाहीत.

आता तारेचं. हृदय काढताना रक्तवाहिन्या कापाव्या लागतात, तसेच मेंदूकडून येणारे मज्जातंतूही. रक्तवाहिन्या शिवता येतात. केसाहून बारीक तंतू शिवता येत नाहीत, ते तुटलेलेच राहतात. हृदय तरीही चालतं, कारण ठोका देणारी गाठ त्याच्या स्वतःच्याच भिंतीत असते. फक्त त्याला बाहेरची खबर लागत नाही. तुमच्यामागं कुत्रं लागलं तर निरोप तारेनं जातो आणि हृदय त्याच क्षणी उसळतं. माझ्या बाबतीत घाबरण्याचा रस आधी रक्तात उतरणार, मग वाहत वाहत हृदयापर्यंत पोचणार. म्हणजे कुत्रं चावून मी घरी आले की माझं हृदय पळायला लागणार. काही मुलांचे तंतू वर्षानुवर्षांनी आपोआप थोडेफार वाढतात, पण माझे काही मनावर घेईनात.

छातीत धस्स होणं, काळजाचं पाणी होणं, काळीज तोंडात येणं हे सगळं मला मराठीच्या पेपरापुरतं माहीत होतं. वाक्यात उपयोग करा, पाच गुण. मी पाचही मिळवायची.

आणि खरं सांगायचं तर, तार नसण्याचा मला फायदाच झाला. मी रायफल नेमबाज आहे. ठोका पडला की नळीचं टोक केसभर हलतं, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत चाप ओढायचा असतो. बाकीच्या पोरींचं हृदय श्वासाबरोबर मागंपुढं होतं, शेवटच्या गोळीला तर वरात निघाल्यासारखं वाजतं. माझं मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखं. सावकाश वाढलं तरी ताल तोच. पुढचा ठोका कधी पडणार हे मला आधीच ठाऊक असायचं. आमचे हिलगे सर नव्या पोरांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, "बघा, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! हिला म्हणत्यात थंड डोकं." मीही मान डोलवायची. डोक्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

गेल्या वर्षीच्या तपासणीत पहिली कुरबूर निघाली. लहानपणी हृदय बदललेल्या मुलांना दहा-पंधरा वर्षांनी जो आजार गाठतो, तोच. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून जाड होत जातात. म्हाताऱ्यांच्या धमनीत चरबीचा एखादा गोळा बसतो. आमच्यात अख्खी नळीच आतल्या आत आवळत येते, कारण पेंगुळलेलं सैन्यसुद्धा झोपेत हात चालवतच असतं.

"सध्या एक तीस टक्के आवळलीय," डॉक्टर नसरीन मुजावर म्हणाल्या. त्या आमच्या कोल्हापूरच्याच, लहान मुलांच्या हृदयांच्या डॉक्टर, पण त्यांची पेशंट मुलं मोठी झाली तरी त्या त्यांना सोडत नाहीत. "गोळी बदलू. पण हे कधी सावकाश जातं, कधी सुसाट. आणि सुसाट गेलं तरी तुला कळणार न्हाई, बाळा. दुसऱ्या कुणाला असतं तर छातीत दुखलं असतं. तुला काय दुखणार?"

आई एरवी हे वाक्य ताठ मानेनं म्हणायची. त्या दिवशी तिनं मान खाली घातली.

मग डॉक्टरांनी मज्जासेतूचं सांगितलं. माझ्याच कातडीतल्या पेशींपासून वाढवलेली जेलीसारखी एक पट्टी. बरगड्यांमधून दोन छिद्रं पाडून ती हृदयाच्या माथ्याशी, जुन्या टाक्यांवर बसवायची. तिच्यातून तंतूंना वाढवणारी द्रव्यं झिरपत राहतात आणि तुटलेली टोकं त्या वासानं पुढं सरकतात, दिवसाला फार तर एक मिलिमीटर. पूल ओलांडला की जेली विरघळून जाते. आधी मेंदूकडून हृदयाकडं जाणाऱ्या तारा जुळतात, म्हणजे ठोके भावनेसरशी बदलू लागतात. उलट येणाऱ्या, दुखणं सांगणाऱ्या तारा मागाहून. "त्यांना वर्षभर तरी लागंल," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि माझं घड्याळ?" मी विचारलं.

"ते जाणार."

आठ महिन्यांवर राष्ट्रीय संघाची निवड चाचणी होती, तीही यंदा कोल्हापुरातच. दोघींना संघात जागा, आणि त्या दोघींत मी असणार हे सगळे धरूनच चालले होते. मीपण. आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता बसवून टाका. हिलगे सर म्हणाले, "खोटं कशाला बोलू? तुझा नेम त्या तालावर हाय. ताल गेला तर पहिल्यापासनं शिकायला लागंल." आबा म्हणाले, तुझं तू ठरव. हे आबांचं नेहमीचं असतं, पण तेव्हा मला त्याचा राग आला. कुणीतरी मला दामटून सांगायला हवं होतं.

ठरवलं ते सेल्वममुळं. सेल्वम माझा चेन्नईच्या वॉर्डातला सोबती, शेजारच्या खाटेवरचा. त्याचंही हृदय त्याच वर्षी बदललं होतं. पंधरा वर्षं आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत एकमेकांना विनोद पाठवायचो, त्याचे फार वाईट असायचे. मागच्या उन्हाळ्यात तो कॉलेजात कॅरम खेळता खेळता गेला. राणी घेतली, हसला आणि पटावरच वाकला. त्याच्या छातीतही काही दुखलं नव्हतं. मी त्याच्या आईशी फोनवर बोलले तेव्हा ती एवढंच म्हणत राहिली, की त्यानं काही सांगितलंच नाही.

मी पट्टी बसवून घेतली.

तीन महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी रेंजवर कुणाच्या तरी हातून लोखंडी पेटी पडली, आणि माझ्या छातीत कुणीतरी आतून धक्का मारला. मी दचकून मागं पाहिलं. कुणी नव्हतं. ते मीच होते. मी रायफल खाली ठेवली आणि खुळ्यासारखी हसत सुटले. धस्स म्हणतात ते हे! मराठीच्या बाईंना फोन करून सांगावंसं वाटलं, की वाक्यात उपयोग झाला.

हसू आठवडाभरच टिकलं. माझ्या छातीला बाहेरून चिकटवलेल्या चकतीतून ठोक्यांच्या वेगाचा आलेख आईच्या फोनवर जातो, अगदी पहिल्यापासून. पूर्वी ती सपाट रेघ असायची आणि ती सपाट आहे ना, एवढं बघून आई भाकरी थापायला बसायची. आता त्या रेघेला डोंगर फुटले. एका संध्याकाळी जेवताना तिनं फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"सकाळी काय झालतं?"

"कुठं काय?"

"ह्यो डोंगर कशाचा?"

"सराव असतो की, आई."

"सरावाचं डोंगर हिकडं हायत. ह्यो एकटाच वायला हाय. काल बी हाय, परवा बी हाय. सोमवारी न्हाई."

सोमवारी अभय नरके रेंजवर येत नाही. पिस्तूलवाला अभय. चार वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तो शेंगदाणे खातोय, आणि चार वर्षांत माझं काहीही वाढलं नव्हतं. मी चेहरा कोरा ठेवून वरणात भात कालवत राहिले.

"नरक्यांचा का?" आई म्हणाली आणि माझ्याकडं न बघता फोनकडं बघत राहिली. मग तिनं फोन उचलून कमरेला खोचला. "बास. कळालं."

मला वाटलं, पट्टीत काहीतरी बिघाड आहे. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं रीतसर सांगितलं, की एक विशिष्ट माणूस खोलीत आला की मी बसलेली असतानाही ठोके पंचवीसनं वाढतात, धाप नाही, घाम थोडा. मग डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "हे माझ्या खात्यात येत न्हाई गं," आणि मागं कुणालातरी हसत काहीतरी सांगितलं.

शेवटी मी अभयला सरळ सांगून टाकलं. "तू आलास की माझे ठोके वाढतात. चाचणी जवळ आलीये, जरा लांब बस."

तो निमूट उठला आणि चार खुर्च्या सोडून बसला. त्याचे कान लाल झाले होते. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाला, "माझेपण वाढत्यात. पहिल्यापासनं. मी कुणाला सांगत न्हाई एवढंच."

"मग नेम कसा धरतोस?"

"वाढलेल्या ठोक्यावरच धरायचा. दुसरं काय करणार?"

त्या उत्तरानं मी गार झाले. रेंजवरच्या सगळ्या पोरी, ज्यांना मी हरवत आले होते, त्या छातीत हा असला गोंधळ घेऊन नेम धरत होत्या! मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला, आणि स्वतःबद्दल काळजी. माझे गुण तर कोसळलेच होते. एकदा नेम शेजारच्या लेनमधल्या निशाणावर बसला. हिलगे सरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, "मार मस्त बसलाय. फक्त गाव चुकलं."

पण सर सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मला पहिलीतल्या पोरीसारखं परत बसवलं. श्वास सोड, अर्धा ठेव, थांब, वाजतंय ते वाजू दे, थांब. आधी ठोका कधी येणार हे मला माहीत असायचं, आता तो येऊन जाईपर्यंत वाट बघायला शिकले. हळूहळू गुण वर आले. पूर्वीइतके नाहीत, पण चाचणीच्या आदल्या आठवड्यात मी पुन्हा पहिल्या तिघींत होते.

हे कळल्यावर कट्ट्यावरच्या मंडळींना राहवेना. त्यांनी चाचणीच्या तीन दिवस आधी आमच्या गच्चीवर जेवण ठेवलं. मटण, तांबडा, पांढरा, सगळं आईच्या नजरेखाली उकळ्या फुटेस्तोवर शिजवलेलं. एरवी आई माझ्या वाटीतला रस्सा पाण्यानं फिका करते. त्या दिवशी गर्दीत तिला ते जमलं नाही आणि मी दोन वाट्या तांबडा ओरपला. वर पुन्हा गच्चीचे जिने चढून सगळ्यांना वाढायची हौस केली. दुसऱ्यांदा वर गेले आणि छातीच्या मधोमध जळजळायला लागलं. दाबल्यासारखं, गळ्याकडं सरकणारं.

"आई, जळजळतंय."

"मग? तांबडा प्याल्यावर काय थंडावा येणार?" आई म्हणाली. तिनं मला खाली बसवलं, ओवा चावायला दिला, वर चिमूटभर सोडा पाण्यातून. पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं. "बघ," आई म्हणाली, "ओव्यासारखं औषध न्हाई."

हृदयाचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. येणार कसा? पंधरा वर्षं पाठ केलेलं होतं, की हिच्या छातीत दुखूच शकत नाही. दुखण्याच्या तारा जुळायला अजून चारेक महिने होते. आणि कोल्हापुरात रस्सा पिऊन छातीत जळजळलं म्हणून दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला परत गावात तोंड दाखवायची सोय नसते.

दुसऱ्या दिवशी रायफलीची पेटी घेऊन रेंजच्या पायऱ्या चढताना परत तेच. हिलगे सर म्हणाले, "किती वाट्या मारल्यास?" मी म्हटलं, दोन. "दोन दिवस राहतंय मग," सर म्हणाले. हिशोब बरोबर वाटला.

चाचणीच्या दिवशी मात्र सकाळी मी फक्त मऊ भात खाल्ला होता.

आमच्या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून मारायचं असतं. दर वेळी ते जाडजूड कोट, पट्टे, सगळं नीट लावून घ्यायचं. पहिले दोन्ही टप्पे झाले तेव्हा मी दुसरी होते. मागं बाकांवर आई, आबा आणि कट्ट्यावरची अर्धी मंडळी. अभय शहाण्यासारखा सगळ्यात लांब बसला होता. मी कोटाचे पट्टे आवळून उभी राहिले. हृदय आता दणादण वाजत होतं, पण त्याची मला सवय झाली होती. वाजतंय ते वाजू दे. थांब. मार. दहा. थांब. मार. पुन्हा दहा. बाकांवरून कुणीतरी "अगंबाबौ!" असं ओरडलं आणि पंचांनी त्याला दटावलं.

मग ते आलं. छातीच्या मधोमध, दाबल्यासारखं, गळ्याकडं सरकणारं.

मी रायफल टेकवून थांबले. जळजळ कमी झाली. परत उचलली, हृदयानं वेग घेतला, जळजळ परत. पुन्हा टेकवली, पुन्हा कमी. थोड्याच गोळ्या राहिल्या होत्या. आत कुणीतरी म्हणालं, भीती आहे, घाबरलीस, बाकीच्या पोरींना रोज असंच होत असेल. मला काय ठाऊक, भीती कशी दुखते आणि दुखणं कसं दुखतं? दोन्ही माझ्या घरात नवीन. पण तेवढ्यात मला गच्चीचे जिने आठवले आणि रेंजच्या पायऱ्या आठवल्या. रस्सा बाधला असता तर बसून असतानाही बाधला असता. रश्श्याला जिन्याचं काय घेणंदेणं? हे दुखणं मी हलले की येत होतं आणि थांबले की जात होतं. ते हृदयाच्या मेहनतीचं माप काढत होतं.

समोरच्या पडद्यावर माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. ते मी एकदा नीट वाचून घेतलं, कारण ते आता जाणार होतं. मला रडू आलं आणि त्यानं छाती आणखी दुखली.

मी रायफलीतली गोळी काढली, रायफल खाली ठेवली आणि हात वर केला.

बाकांवर एकच कल्ला झाला. सगळ्यात मोठा आवाज आईचा. पंधरा वर्षं मला धावू नको, उड्या मारू नको, उन्हात जाऊ नको म्हणणारी माझी आई कठड्यावर वाकून ओरडत होती, "अगं, ठेवतीस काय? मार की!" तिच्या फोनवर नुसता डोंगर दिसत होता, आणि चाचणीच्या दिवशी डोंगर असणारच.

हिलगे सर धावत आले. "काय झालं? थोड्याच राहिल्यात, संजू!"

"सर, हे रश्श्याचं न्हाई," मी म्हटलं. "डॉक्टर मुजावरांना फोन करा."

सरांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग स्वतः माझ्या कोटाचे पट्टे सोडायला लागले.

पुढचं सगळं झटपट झालं. डॉक्टर दवाखान्याच्या दारातच उभ्या होत्या. मनगटातून नळी घालून त्यांनी चित्र घेतलं आणि ज्या धमनीचे तीस टक्के होते, तिचे पंच्याऐंशी निघाले. तिथंच धमनी उघडी धरणारी जाळी बसवली. मी जागी होते. जाळी फुलली आणि छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखा गेला. मी डॉक्टरांना म्हटलं, "थांबलं." पडद्याकडं बघता बघता त्यांनी मान वळवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती वर्षं ही कामं करतीय मी," त्या म्हणाल्या, "पण तुमच्यातलं कुणी ‘दुखतंय’ म्हणत आलं न्हवतं गं, ‘थांबलं’ तर लांबच." मग नाक ओढून लगेच डॉक्टरकीवर आल्या. "तारा जुळायला वर्ष लागंल म्हणलेले, त्यो अंदाज माझा चुकला. आणि तुझी पुढची तपासणी दोन महिन्यांनी होती. तोवर तू राहिली नसतीस. उगाच गोड बोलत न्हाई. ही जाळी म्हणजे कायमचं न्हाई, गोळ्या वाढणार, आणि पुढं कधी दुसरं हृदय बी लागंल. पण आता आपल्याला आधी कळणार."

संघातली माझी जागा गेली. ज्या गोळ्या मारल्या नाहीत त्यांचे शून्य धरतात. हिलगे सर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "निकाल लागला. शेवटनं पहिली." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. अभय आला, तेव्हा खाटेजवळचं यंत्र जोरात टिकटिक करू लागलं. नर्स धावत आली, तिनं यंत्राकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला खुर्ची देऊन निघून गेली.

सगळ्यात वाईट अवस्था आईची होती. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलेना. तिसऱ्या दिवशी मोसंबी सोलता सोलता एकदम हुंदका आला तिला.

"पंधरा वरसं डोळ्यांत तेल घालून बसले गं. आणि नेमक्या वेळंला ओवा दिला."

"सोडा पण दिलास."

"चेष्टा करू नको. मी ‘मार की’ म्हणाले तुला. सगळ्यांच्या देखत."

"आई, मलापण रस्साच वाटला होता. आपल्या घरात कुणाला काय वेगळं वाटणार होतं?"

तिनं डोळे पुसले. मग परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "आता परत दुखलं तर कळंल तुला? नक्की?"

"कळंल."

"भीतीचं कुठलं, आणि दुखण्याचं कुठलं, हे बी?"

"भीती वर उसळते. हे मधोमध बसतं. आता नाही चुकायची."

आईनं कमरेचा फोन काढला आणि माझा आलेख बंद केला. मग भिंतीकडं तोंड करून बाकड्यावर आडवी झाली आणि दिवसाढवळ्या घोरायला लागली. आबा दारात आले, तिच्याकडं बघितलं आणि चपला काढून, पाय न वाजवता आत आले.

दीड महिन्यानं मला हलका सराव करायची परवानगी मिळाली, आणि त्याच आठवड्यात आई तिच्या दोन्ही बहिणींबरोबर तारकर्लीला गेली. माझं ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्याशिवाय एक रात्रही कुठं राहिली नव्हती. गाडी सुटेपर्यंत गोळ्यांच्या वेळा सांगत होती. त्या मला तिच्याहून पाठ आहेत.

रेंजवर कोट चढवला, पहिली गोळी भरली आणि फोन वाजला.

"दुखालंय काय?"

"न्हाई."

"जेवलीस?"

"व्हय."

"बरं, ठिवते मग. मोठी लाट आली बघ, तुझी मावशी पडली!" पलीकडं तीन बायका एकदम किंचाळल्या, खिदळल्या आणि फोन बंद झाला.

मी रायफल उचलली. हृदय उसळायला लागलं होतं, आणि या वेळी त्याचं कारण मला लगेच कळलं. मी आईला इतक्या मोठ्यानं हसताना कधीच ऐकलं नव्हतं. मी श्वास अर्धा सोडला, वाट बघितली, बरीच वाट बघितली, आणि चाप ओढला.

हिलगे सरांनी दुर्बीण डोळ्याला लावली.

"आठ," ते म्हणाले. "भिकार."

"व्हय सर," मी म्हटलं आणि पुढची गोळी भरली.